अज्ञात इसमास अज्ञात कसे ठेवावे

सोसायटीच्या सेक्रेटरीपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल अभिनंदन. बिनविरोध म्हणजे तुम्ही सर्वसाधारण सभेला आला नव्हतात. मीही तीन वर्षांपूर्वी असाच निवडून आलो. सभा चालू होती तेव्हा मी सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढत होतो आणि उतरलो तो सेक्रेटरी होऊनच. असो. टँकरची बिलं, लिफ्टची किल्ली आणि गच्चीच्या कुलपाचा वाद तुमच्या ताब्यात देतोच आहे. पण सीसीटीव्हीचं खातं नाजूक आहे, ते नीट समजावून घ्या. सभासदांनी घरटी वर्गणी काढून हे कॅमेरे बसवले, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि आजतागायत त्यात एकही चोर ओळखू आलेला नाही. ही परंपरा तुमच्या काळात मोडू नये.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याची उंची. आपला गेटवरचा कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्याखाली आहे. खाली लावला तर चोर कॅमेराच उचलून नेईल, असा मुद्दा सभेत निघाला होता आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तेव्हापासून आपल्याकडे नाशिकच्या इंदिरानगरातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टाळूंचं उत्तम चित्रीकरण आहे. कोणाचं टक्कल कुठवर आलंय हे तारखेनिशी सांगता येतं.

दुसरं, एकाच कॅमेऱ्यात सगळं मावलं पाहिजे असा आग्रह सोडू नका. गेट, पार्किंग, समोरचा रस्ता, पलीकडची वडापावची गाडी आणि चेअरमनसाहेबांची नवी कार. युरोपात या धंद्याचं एक मानक आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, आधीपासून माहीत असलेला माणूस ओळखायला १२५, आणि तिथे कोणीतरी माणूस आहे एवढंच कळायला २५ पुरतात. आपला दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो. म्हणजे साडेसात मीटर रुंदीपर्यंतच त्याला चेहरा धड दिसणार. आपण त्याच्यासमोर वीस मीटरचा देखावा मांडलाय. दर मीटरला ९६. एवढ्यात सख्खा मेहुणासुद्धा संशयाचा फायदा घेऊन सुटतो.

रात्रीची काळजी करू नका, ती कोळी घेतात. कॅमेऱ्याभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगावर जाळं विणतो. जाळं झाडण्यासाठी शिडी लागते, शिडी चेअरमनसाहेबांच्या फार्महाऊसवर आहे. तरी एखाद्या रात्री जाळं तुटलंच, तर त्याच इन्फ्रारेड उजेडात कितीतरी काळे कपडे पांढरट दिसतात. फिर्यादीत काळा शर्ट, फुटेजमध्ये पांढरा. पुढचं काम आरोपीच्या वकिलाचं.

घड्याळाला हात लावू नका. डीव्हीआरच्या, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या डब्याच्या, आतली रुपयाएवढी बॅटरी संपली आहे, त्यामुळे वीज गेली की त्यात १ जानेवारी २००० ही तारीख उजाडते. हल्लीचे बरेचसे सोनसाखळी चोर त्या दिवशी जन्मलेलेही नव्हते, म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा आपण आपल्या खर्चाने तयार ठेवतो. हार्ड डिस्क एक टीबीची आहे. आठ कॅमेरे तिच्यात पाच-सहा दिवस मावतात, मग जुन्यावर नवं चढत जातं. लोक दिवाळीला गावी जातात दहा दिवस. परत येऊन तुटलेला कडीकोयंडा पाहतात आणि धावत तुमच्याकडे येतात. तेव्हा त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या आणि कालचं फुटेज दाखवा.

जिन्यातला कॅमेरा खोटा आहे. हे फक्त तुमच्या कानात सांगतोय. मेनरोडवरून आणला, आत दोन पेन्सिल सेल आहेत आणि लाल दिवा लुकलुकतो. खऱ्या कॅमेऱ्याचा दिवा असा लुकलुकत नाही, हे चोरांना माहीत असतं, सभासदांना नसतं. पासवर्डचं म्हणाल तर तो सेटिंग करणाऱ्या पोरालाच ठाऊक आहे. पोरगा ओझरला राहतो, फोन उचलत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंग येतो तेव्हा काय करायचं, ते गेल्या वर्षीच्या उदाहरणावरून सांगतो.

सकाळी पावणेसहाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जॉगिंग ट्रॅकवरून परत येत होत्या. गेटसमोर मोटरसायकलवरून दोघे आले, मागच्याने गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं आणि दोघे पसार. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' झालं होतं, आठवत असेल. आपण सगळे पंपाच्या कोपऱ्यावर दुसऱ्याचं हेल्मेट उसनं घेऊन टाकी भरून आलो. नियम मनापासून पाळला तो या मंडळींनी. मागे बसणाऱ्यानेही. नंबरप्लेटवर एमएच १५ दिसलं, पुढे २१४ लिहून त्याचा 'राम' केलेला. बाकी सारा हेडलाइटचा पांढरा झोत.

अशा वेळी पोलिसांना फोन करण्याआधी फुटेज व्हॉट्सअॅपवर टाकायचं असतं. तेही पेनड्राइव्हवर उतरवून नाही. टीव्हीच्या पडद्यासमोर मोबाइल धरून शूट करायचं. त्यात ट्यूबलाइटची तिरीप, खजिनदारांच्या बनियनचं प्रतिबिंब आणि "थांब, थांब, मागे घे ना भो" हा आवाज आला पाहिजे. दुपारपर्यंत हा व्हिडिओ सातपूरच्या एका ग्रुपवर 'मुले पळवणारी टोळी' म्हणून फिरत होता. आपली सोसायटी केवढी प्रसिद्ध झाली म्हणून सांगू.

मग ओळख पटवायची. आपल्या ग्रुपवर ७१ सभासद आहेत, त्यांपैकी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी सर्वांत आधी लिहिलं, "हा तर आपला दूधवाला. चालीवरूनच ओळखलं मी." फुटेजमध्ये तो मोटरसायकलवर बसलेला होता, चालला कुठेच नव्हता. पण त्याने काही बिघडलं नाही. पुढच्या दहा मिनिटांत ओळीने अंगठे आले. "हाच तो." "मला आधीपासून संशय होता." "दुधात पाणी घालतो तेव्हाच कळलं होतं."

इथे एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या काही मानसशास्त्रज्ञांनी अशाच खराब फुटेजवर प्रयोग केला होता. चित्रातल्या प्राध्यापकांना रोज पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांना सहज ओळखलं, अनोळखी लोकांनी ठेचा खाल्ल्या, आणि ओळख पटवण्याचा अनुभव असलेले पोलीसही त्या अनोळखी लोकांइतकेच चुकले. चाल आणि अंगलट झाकली तरी ओळखणाऱ्यांचं फारसं अडलं नाही, चेहरा झाकला तेव्हा मात्र त्यांचाही खेळ संपला. असले कागद सभेत कोणी वाचणार नाही याची काळजी घ्या. नाहीतर उद्या वहिनी विचारतील, मग मी कशावरून ओळखायचं?

मिशीकडेही लक्ष देऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत एका सिनेनटावर चाकूहल्ला झाला, जिन्यातलं फुटेज देशभर दाखवलं गेलं आणि संशयित म्हणून एका तरुणाला छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनवर रेल्वेतून उतरवलं. खरा संशयित ठाण्यात सापडला, हा सुटला. तोवर त्याचा फोटो घरोघर पोचला होता, नोकरी गेली होती, ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मला मिशी आहे आणि फुटेजमधल्या माणसाला नाही, हे कोणी पाहिलंच नाही, एवढंच तो बिचारा सांगत होता. मिशी काय, काढता येते, असं आपल्या चेअरमनसाहेबांचं मत पडलं. ती रात्रीत उगवतही असेल.

मशीनवर सोडावं म्हणणारे तरुण सभासद तुम्हाला भेटतील. २०२७ च्या सिंहस्थाच्या गप्पा निघाल्या की एआयवाले कॅमेरे आलेच, रामकुंडावरच्या लाखोंच्या गर्दीतून हवा तो चेहरा बोटाने उचलून देतील म्हणे. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची अचूकता उच्च न्यायालयात दोन टक्के सांगितली गेली. पुढच्या वर्षी तर ती एक टक्क्याच्याही खाली गेली, आणि यंत्रणा मुलगा-मुलगी यांतला फरकसुद्धा सांगू शकत नव्हती. तीच दिल्ली पुढे २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगती झाली की ८० टक्के जुळलं की आम्ही जुळलं म्हणतो. आपल्या वहिनी शंभर टक्क्यांच्या खाली बोलत नाहीत. यंत्रावर खर्च कशाला?

दूधवाल्या पोराला चौकीत संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. पावणेसहाला मी तुमच्याच तिसऱ्या मजल्यावर पिशव्या टाकत होतो, जिन्यातल्या कॅमेऱ्यात बघा, असं तो हात जोडून सांगत होता. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं मी तुम्हाला मघाशी सांगितलंच. मी गप्प बसलो. सेक्रेटरीला काही गोष्टी गोपनीय ठेवाव्या लागतात.

मग तपासाला एक हवालदार आले. वयस्कर, पोट सुटलेले, आपला व्हायरल व्हिडिओ त्यांनी एकदाच पाहिला आणि विचारलं, "गेले कुठल्या बाजूला तेवढं सांगा." वडाळा-पाथर्डी रस्त्याकडे, म्हटलं. ते निघाले. मेडिकल, पंक्चरवाला, पेट्रोलपंप, एका कॅमेऱ्यातून दुसऱ्या कॅमेऱ्यात, दिशा आणि वेळ वहीत लिहीत, दोन दिवस. कुठे डीव्हीआर बंद, कुठे मालक गावी. शेवटी हायवेजवळच्या एका किराणा दुकानात मागे बसणारा उतरून हेल्मेट काढून पुडी मागताना दिसला. त्या दुकानदाराने कॅमेरा चोरासाठी लावलाच नव्हता. स्वतःचा पुतण्या गल्ल्यातून पैसे काढतो असा त्याला संशय होता, म्हणून गल्ल्यापाशी, छातीच्या उंचीवर, दोन हातांवर. त्यात चेहरा असा आला की दात मोजून घ्या. हवालदारांनी त्याला दोनदा आधी पकडलेलं होतं. नाव घेऊनच हाक मारली म्हणतात त्यांनी, पडद्याकडे बघून.

चांगला फोटो असाच येतो, समोरून. २६/११ चा कसाबचा जो फोटो सगळ्या जगाला पाठ आहे, तो स्टेशनच्या छताला टांगलेल्या कॅमेऱ्याचा नव्हे. सेबॅस्टियन डिसूझा हे वृत्तछायाचित्रकार जीव मुठीत धरून तिथे उभे होते, त्यांनी काढला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पकडलेले दादा लोक 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणतानाचे जे व्हिडिओ घरोघर पोचले, त्यांत चेहरे बघा कसे लख्ख आहेत. कोणी सज्ज्याखाली लटकून काढलेले नाहीत ते.

दोघे सापडले. मंगळसूत्र वितळवून लगड झाली होती, तीही सापडली. इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती, पण हवालदार परत आले. पुडी मागणं हा गुन्हा नाही, मंगळसूत्र ओढलेलं फक्त आपल्याच कॅमेऱ्यात आहे, असं म्हणाले. ओझरचा पोरगा चौथ्या दिवशी नेमका फोन उचलता झाला होता आणि ती क्लिप पेनड्राइव्हवर उतरली होती. माझ्या कारकिर्दीतला हा एक डाग, मी मान्य करतो.

आता न्यायालयात क्लिप नुसती चालत नाही, प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. ते सक्तीचंच आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला तो आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या खटल्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आणि त्याबरोबर छापील नमुना. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची असते. खजिनदार दचकले, "हॅश म्हणजे चरस ना? आपल्या सोसायटीत?" ते फाइलच्या आकड्यांचं बोटांच्या ठशासारखं काहीतरी असतं, असं हवालदारांनीच समजावलं.

पण खरी पंचाईत पुढच्या ओळीत होती. यंत्र त्या काळात नीट चालू होतं, असं लिहून द्यायचं. क्लिपच्या कोपऱ्यात १ जानेवारी २००० आहे. मी मीटिंग बोलावली. ग्रुपवर 'हाच तो' लिहिणाऱ्यांपैकी चौघे आले. वहिनी म्हणाल्या, आमच्या ह्यांना कोर्टकचेरी आवडत नाही. चेअरमनसाहेब म्हणाले, पदाधिकारी म्हणून सेक्रेटरीचीच सही शोभते. पंच म्हणून कोण येणार विचारलं तर एकेकाला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. पिशवीतलं दूध, बरं का. दूधवाला पोरगा आता आपल्याकडे येत नाही, आपणच चौकापर्यंत जाऊन आणतो.

माझी मुदत संपायला तेव्हा थोडेच दिवस राहिले होते, आणि माणसाने अधिकाराला चिकटून बसू नये. हवालदारांचे दोन फोन येऊन गेले, फार सभ्य गृहस्थ आहेत, तुमचा नंबर दिलाय त्यांना. फॉर्म ऑफिसातल्या टेबलाच्या डाव्या खणात आहे, टँकरच्या बिलांखाली. सही कुठे करायची ते कळावं म्हणून मी पेन्सिलने बारीक फुली करून ठेवली आहे.