पासवर्ड असलेली आधारची पीडीएफ कोणालाही मेल करू नका: एका फॉरवर्डला उत्तर

‘कागदपत्रं ईमेलने पाठवताय? हे पाच नियम लक्षात ठेवा’ असा एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने तो पाळलाही. फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, लीव्ह अँड लायसन्सच्या करारासाठी एजंटने कागदपत्रं मागितली. तिने ई-आधार, ई-पॅन आणि बँक स्टेटमेंट एकाच मेलला जोडून पाठवून दिलं. मी वैतागलो तर म्हणते, “अरे, पण पासवर्ड आहे ना फायलींना!”

हाच त्या मेसेजचा दुसरा नियम: आधार, पॅन, स्टेटमेंटच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून त्या कोणालाही बिनधास्त मेल करा. पाचांतला हा सगळ्यात घातक, तेव्हा आधी हाच.

ई-आधारचा पासवर्ड गुपित नाहीच. तो कसा बनतो ते यूआयडीएआयने, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, स्वतःच्या संकेतस्थळावर उदाहरणं देऊन सांगितलंय: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. आता बघा, पाठवणाऱ्याचं नाव मेलवरच असतं. राहिलं वर्ष. १९३५ ते २००५ सगळी वर्षं धरली तरी पर्याय होतात ७१. कुठलंही सॉफ्टवेअर नको, हाताने टाइप करत गेलं तरी फाइल उघडते. वयाचा अंदाज असेल तर पाचदहा प्रयत्नांतच. फाइल उघडली की आत बहुतेकांची पूर्ण जन्मतारीख छापलेली असते. आणि ई-पॅनच्या पीडीएफचा पासवर्ड काय? जन्मतारीख! म्हणजे एक फाइल उघडली की दुसरीही उघडलीच. कित्येक बँकांच्या स्टेटमेंटचा पासवर्डही नाव आणि जन्मतारीख यांतूनच बनतो, आणि तो कसा टाकायचा हे बँकेच्या मेलमध्येच लिहिलेलं असतं. कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच अडकवून ठेवायची, असा हा कारभार. वर मेसेजमध्ये सल्ला आहे की समोरच्याची सोय म्हणून पासवर्ड त्याच मेलात लिहावा. आत्याने तोही लिहिला होता.

पासवर्ड अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मेल चुकून भलत्याच पत्त्यावर गेलं तर तिथल्या माणसाला फाइल एका क्लिकवर दिसत नाही, एवढा आडोसा होतो. पण मुद्दाम उघडू बघणाऱ्याला तो अडवत नाही.

निव्वळ ओळख पटवायची असेल तर मास्क्ड आधार पाठवा. त्यात क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. यूआयडीएआयच्याच साइटवरून डाउनलोड होतं. २०२२च्या मे महिन्यात त्यांच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड द्या, असं पत्रक काढलं होतं. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतलं. पत्रक गेलं, मास्क्ड आधारची सोय आहे तशीच आहे. आणि जी फाइल पाठवावीच लागते तिला स्वतःचा वेगळा पासवर्ड घाला आणि तो फोनवर सांगा.

पहिला नियम म्हणतो, अटॅचमेंट ‘सांकेतिक लिपीत’ जाते, वाटेत कोणाला वाचता येत नाही. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. जीमेलसारख्या मोठ्या सेवा आज आपापसात मेल पाठवताना वाटेपुरतं एन्क्रिप्शन वापरतात. पण दोन्ही टोकांच्या मेलबॉक्समध्ये फाइल उघडीच पडून असते. एजंटच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेल दिवसभर लॉग-इन असेल, तर तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. आणि ती ‘सांकेतिक लिपी’ म्हणजे बेस६४ (फाइल अक्षरांत लिहिण्याची एक पद्धत) असेल, तर ते कुलूप नव्हेच. ईमेल मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी बनलं होतं. त्यातून फोटो-फायली धाडता याव्यात म्हणून १९९२ साली माइम नावाचं मानक आलं. त्यातल्या बेस६४ पद्धतीत फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहिले जातात. म्हणून तर फाइल पाठवताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. ती अक्षरं कोणताही कॉम्प्युटर क्षणात उलटी करतो.

तिसरा नियम: चुकून गेलेलं मेल ‘सेंट’मधून डिलीट केलं की समोरच्याकडूनही जातं. साफ खोटं. जीमेलचं ‘अनडू सेंड’ जास्तीत जास्त ३० सेकंदांचं, आणि तेही मेल तेवढा वेळ थोपवून धरलेलं असतं म्हणून. एकदा गेलं की त्याची प्रत समोरच्याकडे राहिली.

चौथा: फाइल २५ एमबीच्या वर असेल तर गूगल ड्राइव्हवर टाका आणि ‘एनीवन विथ द लिंक’ करा. ड्राइव्ह ठीक, दुसरा अर्धा भाग नको. ती लिंक पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला फाइल उघडते. ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवा, त्या एका माणसाचा ईमेल पत्ता घाला, काम झालं की त्याचा अ‍ॅक्सेस काढून टाका. अटॅचमेंटच्या बाबतीत हे करताच येत नाही.

पाचवा: व्हायरस फक्त ईएक्सई फायलीत असतो. १९९९चा मेलिसा वर्डच्या फायलीतून पसरला होता. २००० सालचा ‘आय लव्ह यू’ तर साध्या टेक्स्ट फाइलच्या रूपात यायचा, कारण नावातलं शेवटचं व्हीबीएस हे एक्स्टेन्शन, म्हणजे फाइल हा प्रोग्राम असल्याची खूण, विंडोज लपवून ठेवायचं. मेलात आलेली वर्ड किंवा एक्सेलची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल तर दाबू नका, पाठवणाऱ्याला आधी फोन करा.