प्रीॲम्प बसवला की बेस सुधारतो? तपासून बघू या

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: 'पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला, बेस विसरा. आत प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं बॅटरीवरचं छोटं सर्किट, बसवा. आवाज मोठा होतो, स्वस्त बेस महागड्यासारखा वाजतो, हम (घरघर) जातो आणि 18 व्होल्टवर पंच दुप्पट होतो.' या चारही गोष्टी अर्धवट आहेत, आणि त्यांच्या नादाने चांगल्या लाकडाला बॅटरीसाठी खड्डे पाडले जातायत.

आवाज मोठा होतो, हे खरं. पण तेवढं काम ॲम्पचा गेनही करतो. उलट सिग्नल जास्त झाला की ॲम्पचा पहिलाच टप्पा फाटतो. ॲम्पवरचं 'ॲक्टिव्ह' इनपुट बहुधा सिग्नल 10-15 डेसिबल खाली आणतं, बाकी काही नाही. फाटत असेल तरच ते वापरा. बेस ॲक्टिव्ह (प्रीॲम्पवाला) आहे एवढ्यासाठी नको.

महागड्या आवाजाचा दावा नीट उलगडायला हवा. पॅसिव्ह पिकअपचं (तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या भागाचं) इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स, हे दोन विद्युत गुणधर्म मिळून वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो. केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. पिकअप 4 हेन्रीचा आणि एकूण 700 पिकोफॅरड धरले, तर तो उंचवटा 3,000 हर्ट्झच्या आसपास येतो. गणपती-नवरात्राच्या स्टेजवर लांब केबल टाकून एकूण 1,800 पिकोफॅरड झाले, की तोच 1,900 हर्ट्झपर्यंत घसरतो आणि बोटांची धार बोथट होते. प्रीॲम्पचा खरा फायदा इथे आहे: तो बफरचं काम करतो, म्हणजे पिकअपला केबलपासून वेगळं ठेवतो, आणि केबलच्या लांबीचा परिणाम जवळजवळ संपवतो. मात्र पिकअपने जे पकडलंच नाही, ते तो आणणार कुठून? जुन्या तारा, वाकलेली मान, तारांना चिकटलेला पिकअप, हे सगळं त्यातून आणखी मोठं होऊन ऐकू येतं. म्हणून आधी नव्या तारा आणि सेटअप. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासून 2.5 ते 3 मिलिमीटर अंतर ठेवा आणि तिथून कानाने ठरवा.

प्रीॲम्पवरचा बेसचा (खालच्या पट्टीचा) नॉब पूर्ण फिरवायची सवय तर फारच महागात पडते. अनेक सर्किटांत तो 40 हर्ट्झच्या आसपास सर्वात जास्त उचलतो. उघडी ई तार 41 हर्ट्झला वाजते. तिथे 12 डेसिबल वाढवले की ॲम्पकडे सुमारे 16 पट पॉवर मागितली जाते. लहान स्पीकर तो सूर देत नाही, कोन मात्र नुसता हलत राहतो. बँडमध्ये बेस ऐकूच येत नसेल तर 250 ते 800 हर्ट्झमध्ये 3 डेसिबल वाढवून बघा. मिडचा (मधल्या पट्टीचा) नॉब नसलेला प्रीॲम्प घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हम प्रीॲम्पने जात नाही. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतो, आणि प्रीॲम्प ती सुरांबरोबरच पुढे पाठवतो. ट्रेबल वाढवला तर वर हिसही येते. उपाय म्हणजे कॅव्हिटीत (बेसमधल्या वायरिंगच्या खोबणीत) तांब्याची पट्टी, तिला ग्राउंडची जोड, आणि ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत.

18 व्होल्टने टोन बदलत नाही. हेडरूम (फाटण्याआधीची मोकळीक) सुमारे 6 डेसिबल वाढतो, म्हणजे जोरात स्लॅप केल्यावर (अंगठ्याने तार आपटल्यावर) सर्किट उशिरा फाटतं. 9 व्होल्टवर फाटतच नसेल तर फरक ऐकू येणार नाही. शिवाय सर्किट 18 व्होल्टचं आहे का, ते आधी बघा.

तरीही प्रीॲम्प बसवायचाच असेल, तर चूक बहुतेक वेळा वायरिंगमध्ये होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्टीरिओ जॅक (टिप, रिंग आणि स्लीव्ह असे तीन संपर्क असलेला) सहज मिळतो. बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगला लावा. मोनो प्लग घातला की रिंग आणि स्लीव्ह जोडली जातात आणि सर्किट चालू होतं. काळी वायर चुकून स्लीव्हला लावली तर सर्किट कायम चालूच राहतं. टीएल 072 सारखी चिप जवळपास 3 मिलिअँपियर खाते, म्हणजे 500 मिलिअँपियर-तासांची अल्कलाइन बॅटरी आठवड्याभरात संपते. टीएल 062 त्याच्या सातव्या हिश्श्यात भागवते, हिस किंचित जास्त. केबल लावून ठेवलेल्या बेसचंही हेच होतं, म्हणून वाजवून झालं की प्लग काढा.

पॉट (नॉबखालचा बदलता रोधक) पॅसिव्ह पिकअप आणि प्रीॲम्पच्या मध्ये असेल तर 250 किलोओहम, प्रीॲम्पनंतर असेल तर 25 किंवा 50. उलटं केलं, म्हणजे पिकअपला 25 चा पॉट लावला, तर ट्रेबल मरतो. आणि प्रीॲम्प वगळून सिग्नल थेट जॅकला देणारा स्विच नक्की ठेवा. पुश-पुल व्हॉल्यूम पॉटमध्ये तो बसतो, नवं भोक लागत नाही. कार्यक्रमात बॅटरी संपली, तर नॉब ओढून पुढचं गाणं तरी सुरू राहतं.