एस्पेरांतो जन्मापासून बोलणारी माणसं आहेत, भरपूर नाहीत पण आहेत

"मुद्दाम बनवलेली भाषा कुणाचीच मातृभाषा होऊ शकत नाही, क्लिंगॉनचा प्रयोग फसला तेव्हाच ते सिद्ध झालं" असं सांगणारा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय (क्लिंगॉन म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासी लढवय्यांची भाषा). ठासून लिहिलाय, पण चुकीचा आहे.

"कुणाचीच नाही" हे आधी घेऊ. एस्पेरांतो ही जगभरच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून झामेनहोफनं बनवलेली भाषा. तिचं पहिलं पुस्तक त्यानं १८८७ साली वॉर्सात काढलं, आणि बरोबर वीस वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला दानिएल बोवे घरात ती भाषा ऐकतच मोठा झाला, ज्याला पुढं १९५७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रागच्या पेटर गिन्झचे तर आईबापच एस्पेरांतोच्या संमेलनात भेटलेले, तोही ती लहानपणापासून बोलायचा (हाच तो नाझींच्या टेरेझिन छावणीत मासिक चालवणारा पोरगा, सोळाव्या वर्षी ऑशविट्झमध्ये मारला गेला). आज अशी माणसं साधारण हजारभर असावीत असा अंदाज आहे.

क्लिंगॉनचं म्हणाल तर एका अमेरिकन भाषातज्ज्ञानं मुलाशी पहिली तीनेक वर्षं फक्त क्लिंगॉन बोलून पाहिलं, आणि पोरगं ती शिकत होतं हो! पण आई इंग्लिश बोलणार, शेजारीपाजारी इंग्लिश, आणि मार्क ओक्रँडनं सिनेमातल्या लढवय्यांसाठी बनवलेल्या त्या भाषेत तेव्हा घरातल्या कितीतरी साध्यासुध्या वस्तूंनाही शब्द नव्हते, मग पोरानं सोडून दिली यात नवल काय? दुसरं कुणी बोलणारंच नसेल तर कुठलीही भाषा अशीच सुटेल.

"मुलं फक्त आईबापांचं पाठ केलेलं बोलतात" हा मेसेजमधला पुढचा मुद्दा तर सगळ्यात कच्चा. एस्पेरांतोत 'मला मांजर दिसतं' म्हणजे 'मी विदास ला कातोन', त्यातला शेवटचा 'न' कर्माचा, पुस्तकात सक्तीचा. बेंजामिन बर्गेननं २००१ मध्ये जन्मापासून बोलणाऱ्या मुलांवर अभ्यास छापला, त्यात मुलं हा 'न' बऱ्याचदा गाळताना सापडली, नुसतं 'कातो', आणि मग कर्म कुठलं ते शब्दांच्या क्रमावरून कळतं. मोठे नियम पाळतात, पोरं भाषा आपल्या सोयीनं वळवतात. पाठांतरात असं होतं का?

राहिलं मेसेजमधलं शेवटचं, "ती मुलं सगळी द्विभाषिकच असतात". असतात की, फक्त एस्पेरांतो येणारं कुणी नाही. पण बंगळुरूत घरी मराठी, बाहेर कन्नड आणि शाळेत इंग्लिश बोलणाऱ्या पोराची मराठी आपण कुठं रद्द करतो? हां, यातली सगळीच मोठी झाल्यावर आपल्या पोरांशी एस्पेरांतो बोलतात असं नाही, मेसेजवाल्यानं तिथं बोट ठेवलं असतं तर मी गप्प बसलो असतो.