पन्नास हर्ट्झचा पराक्रम

आमच्या घरात माझा एक पराक्रम गेली पस्तीस वर्षं चालू आहे. घडला एकदाच, पण सांगून सांगून मी तो चालू ठेवलाय. वयाच्या बाराव्या वर्षी, रविवारी दुपारी, बाकीचं घर झोपलेलं असताना मी मारिओ या व्हिडिओ गेमच्या शेवटच्या, आठव्या जगात शिरलो, त्या आडदांड कासवाला पुलावरून लाव्हात पाडलं आणि राजकन्या सोडवली. साक्षीदार कोणी नाही. टीव्हीचा आवाज बंद होता, कारण आवाज झाला असता तर राजकन्येआधी मलाच कोणीतरी धरलं असतं.

भाच्यानं ही कथा इतक्यांदा ऐकली आहे की मी श्वास घ्यायला थांबलो तर पुढचं वाक्य तोच म्हणतो. एक दिवस त्यानं माझ्यासमोर दोन तिकिटं ठेवली. जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचं संमेलन.

"मामा, तिथे तो गेम खऱ्या मशीनवर, खऱ्या जुन्या टीव्हीवर ठेवलाय. आता तोंडानं नको, हातानं सांग."

दारात मनगटाला कागदी पट्टी चिकटवली. अशी पट्टी मला याआधी फक्त हॉस्पिटलात बांधली होती, आणि संध्याकाळपर्यंत तो निव्वळ योगायोग वाटेनासा झाला.

संमेलन म्हटलं की अध्यक्ष हवा, भाषणं हवीत, रुसवेफुगवे हवेत. पहिल्या दोन गोष्टी इथे नव्हत्या. आत शेकडो माणसं होती आणि त्यांच्याहून मोठ्यानं बोलणारी मशीनं होती. आर्केड मशीनची, म्हणजे नाणं टाकून उभ्यानं खेळायच्या मशीनची, एक खोड असते. कोणी खेळायला आलं नाही की ते स्वतःशीच खेळायला लागतं, दिवे लावतं, बोंब ठोकतं, "या, या" करतं. असं एकटं मशीन गोड वाटतं. शंभर मशीनं एका छताखाली सुरू झाली की जत्रेत शंभर मुलं एकदम हरवल्यासारखं होतं.

भाच्यानं मात्र वेगळ्याच कारणासाठी कानांत बोटं घातली. "मामा, हे टीव्ही काय किरकिर करतायत!"

मला कसलीच किरकिर ऐकू येत नव्हती. जवळच एक स्वयंसेवक उभा होता. अशा ठिकाणच्या स्वयंसेवकाला प्रश्न विचारावा लागत नाही, नुसतं त्याच्या दिशेनं बघितलं तरी पुरतं. तो म्हणाला, काचेच्या नळीचा टीव्ही चित्र रेघारेघांनी काढतो, सेकंदाला साडेपंधरा हजारांहून जास्त रेघा. तेवढ्याच कंपनांचा बारीक आवाज त्यातून निघतो. लहान मुलांना तो स्पष्ट ऐकू येतो. वय वाढलं की कानाची वरची पट्टी आधी जाते. "तुम्हाला येतोय का?"

मी जवळच्या टीव्हीला कान लावला. "येतोय की. थोडा थोडा."

"तो बंद आहे," स्वयंसेवक म्हणाला.

पुढच्या टेबलावर जुने कन्सोल मांडले होते. आमच्या लहानपणी कन्सोल हा शब्दच नव्हता. 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, त्याच्या कंट्रोलरला 'रिमोट' आणि त्यात खुपसायच्या ठोकळ्याला 'कॅसेट'. मी एक कॅसेट उचलली, हाताच्या सवयीनं उलटी केली, तोंडाजवळ नेली आणि गाल फुगवले.

"फुंकू नका!"

टेबलामागचा दाढीवाला अक्षरशः उडी मारून पुढे आला. एकतर ही कॅसेट नव्हे, कार्ट्रिज. दुसरं, फुंकरीनं आजवर काहीही दुरुस्त झालेलं नाही. उलट तोंडाचा दमटपणा तांब्याच्या पट्ट्यांवर बसतो आणि त्या गंजतात. खरं दुखणं कन्सोलच्या आतल्या ७२ पिनांच्या खाचेत. तिची पकड वापरून सैल होते. कार्ट्रिज काढून पुन्हा घातलं की पिना कधीतरी नीट टेकतात आणि खेळ सुरू होतो. काम काढण्या-घालण्यानं होतं, श्रेय फुंकर खाते.

मी कॅसेट खाली ठेवली. ऐकायला हे सोपं आहे, पण आमच्या मित्रमंडळींत एक मुलगा खास फुंकण्यासाठी प्रसिद्ध होता. डावीकडून उजवीकडे एक लांब फुंकर, मग कडेला दोन आखूड 'हुः हुः', मग शर्टाच्या टोकानं पुसणं. त्याला घरून बोलावून आणायचे. तो आला की त्याला पहिला डाव मिळायचा, बसायला उशी मिळायची. त्या मुलाचं सगळं बालपण चुकीच्या उपचारपद्धतीवर उभं होतं, आणि हे त्याला आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिथून पॅकमॅन. १९८० साली नाम्को कंपनीच्या तोरू इवातानींनी केलेला हा खेळ मला अजून येतो अशी माझी समजूत होती. आडवा आला चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचांना वाचायचं अंतर कळतं आणि रस्ता कळतो; आर्केड मशीनचा तिरपा पडदा नेमका दोन्हींच्या मधे येतो. मान वर केली तर भुतं दिसत, खाली घातली तर पॅकमॅन दिसे. दोघं एकत्र दिसली ती थेट शेवटी.

त्या चार भुतांबद्दलही आयुष्यभर माझा गैरसमज होता. मला वाटायचं, ती वाट फुटेल तिकडे फिरतात. भाच्यानं मागे उभं राहून, मी मरत असताना, त्यांची स्वभाववैशिष्ट्यं सांगितली. लाल ब्लिंकी सरळ तुमच्या पाठीवर येतो. गुलाबी पिंकी तुमचं तोंड जिकडे असेल त्याच्या चार घरं पुढचा नेम धरते. म्हणजे अगदी माझी आई, मी चपला शोधायला लागायच्या आत ती दारात उभी राहून "कुठे निघालास?" विचारायची. निळसर इंकी दुसऱ्याच्या जागेवरून स्वतःचा हिशेब मांडतो. आणि नारिंगी क्लाइड लांबून मोठ्या ओढीनं धावत येतो, पण आठ घरांच्या आत पोचला की तोंड फिरवून आपल्या कोपऱ्याकडे चालू लागतो. हा क्लाइड मी कित्येक समारंभांत पाहिलेला आहे. त्याचं नाव तेवढं आज कळलं.

मधे एक काचेची पेटी होती. तिच्यात 'ई.टी.' या सिनेमावरच्या खेळाची कॅसेट ठेवली होती आणि शेजारी तिची कर्मकहाणी. १९८२ साली हा खेळ एका माणसानं जेमतेम पाच आठवड्यांत लिहून दिला. मग न खपलेला माल अटारी कंपनीनं पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ साली त्यातला थोडासा उकरून काढला आणि गावानं सापडलेल्यातला बराचसा लिलावात विकला. माझी आई मात्र माळा साफ करताना माझा व्हिडिओ गेम भंगारवाल्याला देऊन मोकळी झाली होती. पुरला असता तर आज दोघांचंही भलं झालं असतं.

शेवटी मारिओची रांग आली. समोर पाटी होती: 'एका माणसाला एकच जीव.' त्या क्षणी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

रांग चाळीस मिनिटांची होती, आणि माझ्यामागे पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेला एक गृहस्थ होता. मी त्याला पराक्रम सांगितला. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला, म्हणून मला तो आवडलाही. मग त्यानं विचारलं, "मशीन कुठलं होतं तुमच्याकडे?"

"बिननावाचं. सोबत एक कॅसेट होती, '९९९९ इन १'." मी एकदा ते सगळे खेळ मोजायला बसलो होतो. तेराव्यापासून पुन्हा मारिओच सुरू व्हायचा, फक्त दुसऱ्या पातळीपासून. पुढे तिसऱ्या. एकट्या मारिओवर त्यांनी शंभरेक आकडे काढले होते.

"म्हणजे क्लोन, मूळ मशीनची नक्कल. आणि टीव्ही? आपल्याकडे असायचा तसा, पाल पद्धतीचा?"

मी हो म्हणालो. इथेच चूक झाली.

त्यानं सॅक खाली ठेवली. हे लक्षण वाईट. "बघा," तो म्हणाला, "मूळ खेळ १९८५ चा, जपानी. तिथला टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो. खेळाला वेगळं घड्याळ नाही. टीव्हीनं एक चित्र काढलं की मारिओ एक पाऊल सरकतो, शत्रू एक पाऊल सरकतो, गाणं एक मात्रा सरकतं. पाल टीव्ही सेकंदाला पन्नासच चित्रं काढतो. अधिकृत युरोपी आवृत्त्यांत काही वेळा वेग जुळवून घ्यायचे. क्लोनवाले कशाला घेतायत? जपानी खेळ जसाच्या तसा पन्नासावर चालवायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा मारिओ सतरा टक्के हळू धावत होता. शत्रूही हळू."

भाच्याचं गणित चांगलं आहे. हे गुण नको तेव्हा वर येतात. "म्हणजे मामा, तुला प्रत्येक उडीला वीस टक्के वेळ जास्त मिळत होता. तू राजकन्या स्लो मोशनमध्ये सोडवलीस."

मी विचारलं, पन्नासच का? तर म्हणे टीव्हीचे हे आकडे मुळात विजेच्या हर्ट्झवरून, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा हेलकावते त्यावरून ठरले. बहुतेक करून जिथे वीज साठ हर्ट्झची तिथे चित्रं साठ, जिथे पन्नासची तिथे पन्नास. म्हणजे माझ्या एकमेव पराक्रमात वीजपुरवठ्याचा वाटा होता. आणि आम्ही लहानपणी वीज गेली म्हणून तिलाच शिव्या द्यायचो.

माझा चेहरा बघून गृहस्थाला वाईट वाटलं असावं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जुन्या खेळांत यंत्राचं कर्तृत्व कुठे संपतं आणि माणसाचं कुठे सुरू होतं ते सांगणं कठीणच. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. शत्रू मरत जातात तसे उरलेले जास्त जोरात अंगावर येतात. ते शौर्य नव्हे. चित्रं कमी झाली की बिचाऱ्या चिपला काम कमी पडतं, म्हणून ती उरलेली भराभर हलवते. तो खेळ करणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं, आणि लोकांना वाटलं शत्रू चवताळलाय.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

माझा नंबर आला. समोर तोच निळा आकाशतुकडा, तीच टेकडी, तेच झुडूप. हातात तो आयताकृती रिमोट. त्याचे कोपरे तळहाताला टोचतात हे मी पार विसरलो होतो. गाणं सुरू झालं आणि मी दचकलो. पाठ केलेलं स्तोत्र कोणीतरी बस पकडायची असल्यासारखं म्हणावं, तसं ते वाजत होतं. उजवीकडून पहिला गूम्बा आला. दोन पाय, रागीट भुवया, पिटुकला. संपूर्ण खेळातला सर्वांत साधा शत्रू. नवख्याला उडी शिकवण्यासाठीच तो तिथे ठेवलेला आहे. मी अंगठ्याला हुकूम सोडला. हुकूम निघाला, खांद्यापर्यंत आला, कोपराशी बहुधा सही करून थांबला. अंगठा दाबला गेला तेव्हा मारिओ हात वर करून पडद्याच्या खाली चालला होता.

चाळीस मिनिटं रांग, तीन सेकंद खेळ.

मागच्या एका चिमुरडीनं "झालं?" असं विचारलं. मला नव्हे, तिच्या आईला. मी रिमोट तिच्या हातात दिला आणि पुढे चालायला लागलो. भाचा काही बोलला नाही. पोरगं मनानं चांगलं आहे. पण तो काही बोलत नाहीये हे मला फार मोठ्यानं ऐकू येत होतं, आणि त्यासाठी कानाची वरची पट्टी लागत नाही.

बाहेर पडायच्या दाराजवळ, खुर्च्यांची चळत जिथे संपते तिथे, एक टेबल होतं. वर लिहिलं होतं, 'नकली मशीनं'. चार-पाच बिननावाचे कन्सोल, पिवळ्या कॅसेटी, एकीवर '९९९९ इन १', आणि एक जुना टीव्ही. रांग नव्हती. टेबलामागचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. पडद्यावर वर आणि खाली काळी पट्टी होती, अगदी आमच्या घरी असायची तशी. मी तेव्हा ती टीव्हीची चौकटच समजायचो.

"पन्नास?" मी विचारलं.

त्यानं वर न बघता मान हलवली. "कोणी खेळत नाही यावर. स्लो आहे."

मी खुर्ची ओढली. चष्मा काढला, या अंतरावरून त्याच्याशिवायच बरं दिसतं असा शोध लागला. गाणं सुरू झालं. सूर तेच, लय मात्र ओळखीची, दुपारच्या जेवणानंतरची. गूम्बा आला, तोही जेवूनच निघाल्यासारखा. मी उडी मारली, त्याच्या डोक्यावर उतरलो, प्रश्नचिन्हाचा ठोकळा ठोकून मशरूम घेतला, मग विटकर फोडली. नळ्यांवरून गेलो. बारीकसारीक खड्ड्यांकडे बघितलंही नाही. अंगठा कोणाला न विचारता काम करत होता. पहिलं जग, दुसरी पातळी, तिसरी पातळी. तिथे झाडांवरून उड्या मारताना जरा हुरळलो आणि पडलो.

"मामा, पण हे स्लो आहे," भाचा म्हणाला.

"माहीत आहे मला. आता लुइजीचा डाव. दुसरा रिमोट घे."

त्यानं घेतला. सहज, एका हातानं, मोबाइल दुसऱ्या हातात तसाच ठेवून. मग गूम्बा दिसल्यावर मोबाइल मांडीवर टाकला आणि दोन्ही अंगठे लावले. लुइजी डौलात धावला. गूम्बा निवांत चालत येत होता.

भाच्यानं उडी जरा लवकर मारली.