एक मत, एक पत्ता

आमच्या गणेश मंडळाच्या रांगोळी स्पर्धेचं मतदान यंदा ऑनलाइन घ्यायचं ठरलं आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. 'तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना!' हे वाक्य ज्याला ऐकावं लागलंय, त्याला पुढचं सांगायला नको. अध्यक्ष, म्हणजे आमचे भाऊ, यांची अट एकच: "एका माणसाला एकच मत. गडबड नको."

म्हटलं, सोपं आहे. येणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा क्रमांक, नोंदवायचा, तोच पुन्हा आला की परत पाठवायचा. फ्लास्क नावाच्या वेबसाइट बनवायच्या साधनात अर्ध्या तासात लिहिलं. रात्री सर्व्हरवर चढवून एक मत बायकोच्या रांगोळीला दिलं. पडलं. दुसरं द्यायला गेलो, 'आपले मत आधीच नोंदले आहे.' वा! समाधानानं झोपलो.

सकाळी फोनवर भाऊ. "अरे, कुणाचंच मत पडत नाहीये! आणि वहिनी एक-शून्यनं पुढे आहेत!"

नोंदी उघडल्या. सगळं गाव एकाच पत्त्यावरून आलं होतं: १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. कारण माझ्या प्रोग्रॅमपुढे एन्जिनएक्स, म्हणजे येणाऱ्यांच्या मागण्या आत पोचवणारा सर्व्हर, उभा होता, सोसायटीच्या वॉचमनसारखा. पाहुणा गेटवर थांबतो, निरोप घेऊन वर येतो वॉचमन. मी दारातून विचारतो, "कोण?" उत्तर दर वेळी, "मी वॉचमन, साहेब." वॉचमनचं मत एकदा पडलेलं, त्यामुळे बाकी सगळे बाद. रात्रीची चाचणी पास झाली ती याच चुकीमुळे, हे बायकोला सांगायची हिंमत झाली नाही.

उपाय ठरलेला आहे. वॉचमननं पाहुण्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून आणायचा. चिठ्ठीचं नाव एक्स-फॉरवर्डेड-फॉर. चिठ्ठीवर स्वल्पविराम देऊन अनेक पत्ते असू शकतात. मी डावीकडचा पहिला उचलला. पहिला म्हणजे मूळचा, नाही का?

दुपारपर्यंत एका रांगोळीला तीनशेवर मतं. मतदारांमध्ये ८.८.८.८ होता, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा गूगलचा डीएनएस सर्व्हर. एका मतदाराचा आयपी पत्ता तर 'ढोल-ताशा पथक' असा नोंदला गेला होता. आमचा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, चिठ्ठी पाहुणापण घरून लिहून आणू शकतो की," तो चकली खात म्हणाला. "वॉचमन फक्त शेवटी आपली ओळ जोडतो. तुझा वॉचमन एकच आहे ना? मग उजवीकडचा शेवटचा पत्ता धर." कार्ट्याचं बरोबर होतं, हे जास्त लागलं.

उजवीकडचा धरला. आता पत्ते खरे, तर तक्रारी नव्या. मागच्या गल्लीतल्या काकूंकडे सात माणसं, वायफाय एक, म्हणून मतही एकच. मोबाइलवाल्यांचं त्याहून वाईट. आयपीव्ही ४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटी, त्यांतले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपले. त्यामुळे कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात; चाळीत सामायिक नळ असावा तसं. आयपीव्ही ६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा सुकाळ आहे म्हणावं, तर ते पत्ते ३९ अक्षरांपर्यंत लांब आणि माझा रकाना १५ अक्षरांचा. डेटाबेसनं निमूटपणे शेपट्या कापल्या आणि उरलेली धडं एकमेकांसारखी दिसू लागली. रकाना वाढवला. मग कुणाला तरी शोध लागला की फोन विमान मोडवर टाकून परत काढला की बऱ्याचदा नवा पत्ता मिळतो. संध्याकाळच्या आरतीला अर्धं मंडळ विमानात.

भाऊंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मिठाईचा रिकामा खोका घेतला, ब्लेडनं वर फट पाडली आणि मंडपात टेबलावर ठेवला. शेजारी खुर्चीत मागच्या गल्लीतल्या त्याच काकू.

भाचा रांगेत लागला, कागद घडी करून फटीपाशी नेला. काकूंनी जपमाळ थांबवली नाही, मानही वर केली नाही.

"मघाशी निळ्या शर्टात टाकून गेलास ना रे?"

बायकोची रांगोळी चौथी आली. पहिल्या फेरीत आपणच पुढे होतो, असं ती अजून सगळ्यांना सांगते. मी मान डोलावतो.