डिस्कला तेल लावणाऱ्या मामांसाठी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हापासून दर पावसाळ्यात आमच्या बडोद्यात एक मेसेज फिरतो: ‘पुरात बाइक बुडाली? मेकॅनिकला ३००० देऊ नका, हे ५ उपाय घरीच करा.’ मी तो दोनदा डिलीट केला. यंदा तो मामांकडे पोचला, आणि मामांनी तो नुसता वाचला नाही, करून पाहिला.

दुसऱ्या उपायापासून सुरुवात करतो, कारण मामांचा गुडघा त्याच्यामुळे फुटलाय. ‘ब्रेक कुरकुरत असतील तर डिस्कवर आणि ब्रेक-शूजवर मशीनचं तेल सोडा.’ मामांनी मामीच्या शिवणयंत्राची बुधली घेतली आणि पुढच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी तेल चोपडलं. आवाज गेला, हे खरं. सूरसागरच्या वळणावर ब्रेकही गेला. सेव-उसळच्या लारीला, म्हणजे हातगाडीला, धडकून थांबले. सांडलेल्या तरीचे पैसे वेगळे.

अहो मामा, ब्रेक घासतो म्हणूनच गाडी थांबते ना! घासणंच काढून टाकलं तर राहिलं काय? डिस्क स्पिरिटने पुसून साफ होते, पण डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेक पॅडमध्ये तेल मुरतं. मग ते उन्हात ठेवा, पॉलिश पेपरने घासा, भरवशाचे होत नाहीत. टाकायचे आणि नवे घालायचे. डिस्क-पॅडला तेल, ग्रीस लागू देऊ नका, हे मामांच्याच गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलंय. ते गोदरेजच्या कपाटात विम्याच्या फाइलीत ९ वर्षं कोरं करकरीत पडून आहे. पुरानंतरची कुरकुर बहुतेक वेळा डिस्कवर धरलेल्या गंजाची आणि अडकलेल्या गाळाची असते. गाळ साध्या पाण्याने धुवा, मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू जात चार-सहा वेळा ब्रेक दाबा, वरवरचा गंज घासून जातो. मागे ड्रम ब्रेक असेल तर मात्र चाक काढून आतले शूज पुसावे लागतात.

पहिला उपाय: ‘सेल्फ मारत राहा, पाणी सायलेन्सरमधून निघून जाईल.’ हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि मग ३००० मध्ये भागत नाही. शिवाय कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तर आधी फोटो काढून कंपनीला कळवा. बुडालेलं इंजिन स्वतःच चालू करून बिघडवलं की क्लेमवर वाद होतो.

तिसरा वाचून तर मी कपाळावर हात मारला. म्हणे पाणी हलकं, ऑइलवर तरंगतं आणि आपोआप उडून जातं! वरणावर फोडणी ओतल्यावर वर कोण तरंगतं, ते मामीला विचारा. पाणी तळाशी बसतं आणि इंजिन फिरलं की ऑइलमध्ये घुसळलं जातं. ड्रेन बोल्ट काढल्यावर दूध जास्त झालेल्या चहासारखं काही ओघळलं तर समजायचं, पाणी शिरलंय. नवं ऑइल घाला, थोडं चालवा, पुन्हा तसंच दिसलं तर पुन्हा बदला. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (बाइकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. कारचं उरलेलं ओतू नका, बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, घसरायला लागतो.

चौथा, स्पार्क प्लग काढून हळूहळू किक मारत पाणी बाहेर काढा. बरोबर आहे. पण मग तो चौथा का? सेल्फ मारून मारून बॅटरी बसल्यावर प्लग काढायचा? पाचवा एअर फिल्टर वाळवण्याचा. फोमचा असेल तर ठीक, कागदाचा भिजला तर नवाच घ्या.

राहिलं ‘मेकॅनिक लुटतात’. लुटतात काही जण. मी एकदा प्लगवर खिळ्याने ओरखडा काढून गाडी एका गॅरेजात टाकली होती. बिलात ‘नवीन प्लग’, आत माझाच ओरखडा. तेव्हापासून प्लग, ऑइल, चेन मी घरीच करतो.

ब्रेक पॅड मात्र ओळखीच्या मेकॅनिककडून बदलून घेतले, मामांना शेजारी उभं करून. तेलाची बुधली आता मामीने कुलपात ठेवली आहे.