सूचना आली, तर जाणार कोण?

सातारा-सांगलीकडच्या गावांत म्हातारपण आणि तंत्रज्ञान यांविषयी दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेली मुले म्हणतात, की घरात कॅमेरा बसवावा, आईवडिलांना स्मार्टफोन शिकवावा, म्हणजे काळजी मिटेल. गावात राहिलेले लोक म्हणतात, की अंगठा, केवायसी आणि ओटीपी यांनी म्हाताऱ्या माणसांचे हालच केले, त्यापेक्षा जुनी कागदाची पद्धत बरी होती. मी जपानमध्ये, नागानो प्रांतातल्या एका डोंगराळ गावी राहतो. या देशात पासष्टीपुढच्या लोकांचे प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. इथले रोजचे व्यवहार पाहताना मला वाटत राहते, की आपल्याकडच्या या वादात एक प्रश्न कोणीच विचारत नाही: यंत्राने सूचना दिली, तर त्या घरी जाणार कोण?

हा प्रश्न केवळ परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांचा नाही. पाटण, जावळी, माण, खटाव या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामाला जात आली, आणि विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली. मागे राहिली ती म्हातारी माणसे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के, म्हणजे तेव्हाच देशाच्या पुढे होते.

जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१ साली एक सेवा सुरू केली. चहासाठी पाणी तापवायची विजेची किटली वृद्धाने कधी वापरली, याची खबर दूर राहणाऱ्या मुलांना मोबाइलवर मिळते. ज्या घरात दिवसातून अनेकदा चहा होतो, तिथे सकाळपासून किटलीला हात लागला नाही, तर काहीतरी बिघडले आहे हे कळते. कॅमेऱ्यासारखी ती कोणाच्या उठण्याबसण्यावर पाळत ठेवत नाही, म्हणून मला ही कल्पना फार आवडते. पण खबर मुलाला मिळाली आणि मुलगा पाचशे किलोमीटरवर असला, तर पुढे काय? जपानचे खरे काम इथून पुढे सुरू होते. एप्रिल २००० मध्ये तिथे दीर्घकालीन शुश्रूषा विमा लागू झाला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक रहिवासी त्याचा हप्ता भरतो, मीही भरतो. खर्चाचा साधारण निम्मा भार या हप्त्यांतून आणि निम्मा सरकारी तिजोरीतून उचलला जातो, आणि बहुतेक वृद्धांना सेवेच्या किमतीचा दहावा हिस्साच द्यावा लागतो. वृद्धाला किती मदत लागते हे तपासून ठरवले जाते आणि त्याच्या सेवांची आखणी करायला एक व्यवस्थापक नेमलेला असतो. त्याखेरीज वस्तीवस्तीत विनावेतन काम करणारे कल्याण-प्रतिनिधी असतात, ते एकट्या राहणाऱ्यांच्या दारावर थाप मारून येतात. किटलीची खबर उपयोगी पडते, कारण तिच्यामागे ही माणसे उभी आहेत.

तरी जपानची नक्कल करा, असे मी म्हणणार नाही. तिथे शुश्रूषा करणाऱ्यांची मोठी टंचाई आहे, आणि कल्याण-प्रतिनिधीही बहुधा स्वतः साठी-सत्तरीतले असतात. तरुण माणसे उरली नाहीत म्हणून यंत्रांवर भार टाकावा लागला. आपल्या जिल्ह्यांत ती अजून आहेत, आणि हा फरक आपण ओळखायला हवा.

आपल्याकडे सर्वांत दुखरी जागा आहे ती हयातीच्या दाखल्याची, म्हणजे निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून आपण जिवंत असल्याचा जो पुरावा द्यावा लागतो त्याची. डिजिटल दाखला २०१४ पासून मिळतो. पण ज्यांचे आयुष्य ऊसतोडीत, हमालीत किंवा शेतात गेले, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, ती चांगलीच आहे. मात्र तिला बरा फोन आणि नेटवर्क लागते, आणि कोयनेच्या जलाशयाकाठच्या वाड्यांत त्याचा भरवसा नसतो. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो, ही सोय २०२० पासून आहे, पण ती माहीत नसल्याने माणसे भाड्याची जीप करून तालुक्याला जातात आणि सेतू केंद्रापुढे रांग लावतात. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राच्या निवृत्तिवेतनाचा वाटा महिना २०० रुपये आहे. राज्याची भर धरूनही ही रक्कम इतकी तुटपुंजी आहे, की एका फेरीचा खर्च तिचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो.

जपाननेही डिसेंबर २०२४ मध्ये जुनी आरोग्य विमा कार्डे देणे थांबवून ओळखपत्राशी जोडलेली डिजिटल पद्धत आणली. त्याआधी चुकीच्या माणसांच्या नोंदी जोडल्या गेल्याचे उघड झाले होते आणि लोक संतापले होते. पण ज्यांनी नवे कार्ड जोडले नाही, त्यांना अर्ज न करता कागदी प्रमाणपत्र घरपोच पाठवले गेले. मला आपल्याकडे नेमके हेच हवे आहे. यंत्राने ओळख पटवली नाही, तर पैसे थांबता कामा नयेत. तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने ठरावीक मुदतीत घरी जाऊन खात्री करावी, आणि तोवर निवृत्तिवेतन चालू राहावे. म्हातारा जिवंत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयाची असावी.

फसवणुकीबाबतही असेच. मुलाचा आवाज काढून पैसे मागणाऱ्या टोळ्यांनी जपानी वृद्धांना वर्षानुवर्षे लुबाडले, तेव्हा बँकांनी, ज्यांनी बराच काळ एटीएममधून पैसे पाठवले नाहीत, अशा वृद्धांच्या व्यवहारांवर मर्यादा घातल्या आणि खिडकीवरचे कर्मचारी चौकशी करू लागले. ‘डिजिटल अटक’ म्हणून घाबरवणारा फोन आला, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहेच. पण घाबरलेल्या माणसाला आधी ओळखीचा चेहरा लागतो, आणि आपल्या सहकारी बँकांच्या शाखांत तो असतो.

राहिला पैशांचा प्रश्न. आशा सेविकांवर आधीच इतकी कामे लादली आहेत, की हेही त्यांच्याच माथी मारणे अन्याय्य ठरेल. पण मुंबईकर मंडळी, गलाईवाले आणि आम्ही परदेशातले लोक मंदिराच्या जीर्णोद्धाराला आणि यात्रेला दरवर्षी वर्गणी देतो, आणि ती देताना हात आखडत नाही. त्याच वर्गणीतून प्रत्येक गावात एका व्यक्तीला, शक्यतो गावातल्याच शिकलेल्या सुनेला, दरमहा मानधन द्यावे. रोज एकट्या राहणाऱ्यांच्या घरी जाणे, दाखला व औषधे पाहणे, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलणे करून देणे आणि मुलांचा फोन आला की अर्ध्या तासात त्या घरी पोहोचणे, हे तिचे काम असेल. यंदाच्या यात्रेच्या बैठकीत आमच्या ग्रामस्थ मंडळापुढे मी हा ठराव मांडणार आहे, आणि पहिल्या वर्षाच्या मानधनातला माझा वाटा त्याच वेळी जमा करणार आहे.